उघड्या दाराची निगेटिव्ह

९ ऑक्टोबर १९९८. चौदा जीव. तेरा बायका, एक पुरुष.

कापडी फुलांच्या कारखान्याचा वरचा मजला त्या दिवशी दुपारी जळाला. बायका पाकळ्या चिकटवण्याच्या कामावर होत्या. पुरुष म्हणजे त्यांचा मुकादम. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचे सरकते दार होते आणि त्याला साखळी होती. आग लागली तेव्हा त्या साखळीला कुलूप घातलेले होते की नव्हते, एवढाच प्रश्न पुढे चौकशीसमोर उरला. मेलेल्यांपैकी एकीच्या सासूविषयी हे लिखाण आहे, कारण त्या कुलपाचा एकुलता एक फोटो तिच्या घरात होता, आणि तो तिच्याच हातून झाकला गेला होता.

गल्लीत तिला टचिंगबाई म्हणतात. उमेदीची सगळी वर्षे तिने एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत काढली. एक तिरकी लाकडी पाटी, तिच्या मधोमध काचेची चौकट, खाली आरसा. आरशावर पडलेला दिवसाचा उजेड काचेवरच्या निगेटिव्हमधून वर येई, आणि त्या उजेडात ती लोकांचे चेहरे दुरुस्त करीत असे. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. जिथे उजेड पडला तिथे काळा थर साचतो. जिथे अंधार होता तिथे फिल्म कोरी, पारदर्शक राहते. डोळ्यांखालची वर्तुळे घालवायची तर तिथे पेन्सिलीने थर वाढवायचा. कपाळावरची चकाकी घालवायची तर पातळ पात्याने थर खरवडायचा. या कामाला स्टुडिओत टचिंग म्हणत. लग्न जमवायला निघालेल्या मुली, नोकरीचा अर्ज करणारे तरुण, भिंतीवर टांगले जाणार असलेले म्हातारे, सगळे तिच्या बोटांखालून गेले. ‘आरशात बघून माणूस तोंड वाकडं करतं आणि फोटोत बघून हसतं,’ ती म्हणे, ‘मधे मी बसलेली असते.’

पुढे रंगीत फोटोंची यंत्रे आली आणि स्टुडिओ बंद झाला. मालकांनी तिला निरोप देताना ती तिरकी पाटी दिली, रोल धुण्याची डबी दिली, मुदत उलटून गेलेल्या कृष्णधवल रोलचे एक खोके दिले, आणि वर एक प्लॅस्टिकचा कॅमेरा ठेवला. हा कॅमेरा स्टुडिओत फोटो काढण्यासाठी कधीच वापरला गेला नव्हता. रडणाऱ्या मुलांच्या हातात द्यायचा, ती गप्प झाली की खऱ्या कॅमेऱ्याने टिपायचे, एवढेच त्याचे काम. त्यावर पिढ्यांचे दात उमटलेले होते.

तिचा नवरा मुलगा लहान असतानाच वारला. मुलगा मालाचा ट्रक चालवतो आणि महिन्यातले बरेचसे दिवस रस्त्यावर असतो. त्यामुळे मुलाचे लग्न झाले तेव्हा प्रत्यक्षात संसार सुरू झाला तो सासू आणि सून यांचाच: दोन खोल्या, पश्चिमेकडे उघडणारे एक दार, आणि एकमेकींना पुरते न ओळखणाऱ्या दोन बायका. सून सकाळी लवकर कारखान्यात जाई आणि दिवेलागणीला परत येई. तिच्या नखांत कधी गुलाबी रंग असे, कधी जांभळा; अंगाला डिंकासारखा वास. सासूला तो वास आवडत नसे आणि ती तसे बोलून दाखवी.

‘खरं फूल असतं तर निदान सुवास तरी आला असता.’

‘खरं असतं तर संध्याकाळी सुकलं असतं, आई. आमचं वर्षभर टिकतं.’

‘टिकून करतं काय?’

‘धूळ खातं,’ सून म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. सासूला हसू आले ते तिने पदरात लपवले.

कॅमेरा सुनेला फळीवर सापडला.

‘ते खेळणं आहे,’ सासू म्हणाली. ‘त्यात काही नाही.’

‘खेळण्याला भिंग कशाला लागतं?’

‘पोरांना दाखवायला.’

‘आणि ही खटकी? आणि मागे फिल्म बसायची जागा? पोरं रोल भरायची का रडता रडता?’

‘तू फुलं करायला जातेस की वकिली करायला?’

सुनेने खोक्यातला एक रोल काढून कॅमेऱ्यात बसवला. कॅमेऱ्याची पाठ नीट लागत नव्हती, तिला काळी चिकटपट्टी लावली. डब्याच्या पिशवीत, पोळीच्या फडक्याखाली तो कॅमेरा कारखान्यात जाऊ लागला. तिने तिथे काय टिपले ते कोणाला सांगितले नाही. रोल संपल्यावर तिने तो मागे गुंडाळला. पण रोल गुंडाळायची चकती सैल लागताच ती थांबली, त्यामुळे फिल्मचे सुटे टोक, म्हणजे शेपटी, बाहेरच राहिली. नव्या रोलची शेपटी बाहेर असते, वापरलेल्याची आत गेलेली असते. सगळे आयुष्य फोटोंच्या धंद्यात काढलेल्या सासूने तो रोल पाहिला, नवा समजून पुन्हा कॅमेऱ्यात भरला, आणि त्यावर आपल्या घरातल्या वस्तू टिपल्या.

‘आई, तो माझा रोल होता!’

‘मग शेपटी आत घालायची होती.’

‘विचारायचं तरी!’

‘कोणाला विचारू? तू असतेस कुठे घरी?’

त्या आठवड्यात भांडी जरा जास्तच आपटली गेली. मग एका रविवारी मोरीचे दार लावून, फटी चादरीने बुजवून, टचिंगबाईने तो रोल धुतला, आणि जुन्या मालकांच्या घरी जाऊन त्याचे प्रिंट काढून आणले. प्रिंट जमिनीवर मांडले तेव्हा दोघी त्यांच्यावर वाकल्या.

दोरीवर वाळत घातलेली चादर सासूने टिपली होती. सुनेने टिपली होती बसची रांग. प्रिंटमध्ये ती रांग चादरीच्या घड्यांतून चालली होती. पुढची माणसे चादरीच्या काठापाशी विरत होती आणि शेवटचा छत्रीवाला उशीच्या अभ्र्यात शिरत होता. दुसऱ्या प्रिंटमध्ये चहाच्या किटलीच्या पोटात कापडी गुलाब तरंगत होते. तिसऱ्यात एक अनोळखी बाई हसत होती आणि तिच्या केसांतून घराचा जिना वर जात होता.

‘ही कोण गं?’

‘माझ्या शेजारी बसते. पाकळ्यांना चुण्या घालते.’

‘आपल्या जिन्यावर कधी चढली ही?’

‘आत्ताच,’ सून म्हणाली.

अबोला तिथेच संपला. त्या दिवसापासून एका रोलवर दोघींनी फोटो काढायचे हा घराचा रिवाज झाला. आधी सून. तिचा आठवडा संपला की ती रोल मागे गुंडाळी. चकती सैल लागली की थांबे, शेपटी बाहेर ठेवी, आणि रोल साखरेच्या रिकाम्या बरणीत टाकी. शेपटी बाहेर म्हणजे: आता तुमची पाळी. सासूने फिल्मवर केलेली पेन्सिलीची खूण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवून तो पुन्हा भरायचा. आपण काय टिपले ते कोणी सांगायचे नाही आणि कोणी विचारायचे नाही. चौकटी तंतोतंत एकमेकींवर बसत नसत. एखादे बोटभर सरकत. त्या सरकण्यातच खरी गंमत आहे, असे सुनेचे मत होते.

सासूने धंद्यातली एक शिस्त मात्र यात आणली. दुसरीने उजेडाची उधळपट्टी करायची नाही. आधीच्या चित्रावर नवा उजेड पडला की तेवढा भाग त्याखाली गडप होतो. अंधार पडला तर आधीचे जसेच्या तसे राहते. म्हणून ती खोलीच्या आतून, कोपऱ्यातून, पलंगाखालून फोटो काढी. उजेडाचा एखादा तुकडा आणि बाकी काळोख. त्या काळोखात सून काय ठेवून गेली असेल, याचा ती दिवसभर भाजी निवडता निवडता विचार करीत असे. ज्या सुनेशी तिचे दिवसातून चार वाक्यांपलीकडे बोलणे होत नसे, तिच्यासाठी ती आता अंधार राखून ठेवू लागली.

कॅमेऱ्याच्या पाठीतून उजेड गळे, आणि पुष्कळदा चित्राच्या कडेने दुधाच्या सायीसारखा पांढरा ओघळ उमटे. सून त्याला ‘तिसरी’ म्हणे.

‘बघा, इथे तिसरीनं पण काढलंय.’

‘ती एक आगाऊ. बोलावलं नाही तरी येते.’

‘राहू द्या. तिला कुठे घर आहे?’

प्रिंट वाढत गेले. कारखान्याच्या खिडकीच्या तावदानांवर स्वयंपाकघरातली वाफ चढली. मुकादमाच्या टकलावर मांजर झोपले. ओळीने बसलेल्या बायकांच्या वाकलेल्या पाठींवरून घरातल्या घड्याळाचा लंबक गेला. एकदा ट्रकवरून घरी आलेला मुलगा पलंगावर गाढ झोपला असताना सासूने त्याचा फोटो काढला. धुतल्यावर दिसले की त्याच्या छातीवर, पांघरुणावर, उशीवर शेकडो पांढऱ्या पाकळ्या पसरल्या आहेत. मुलाने तो प्रिंट उलटसुलट करून पाहिला.

‘मेलो की काय मी?’

‘वेड्या, झोपलायस,’ आई म्हणाली. ‘बायकोनं अंथरूण घातलंय.’

त्याने तो प्रिंट ट्रकच्या काचेपाशी लावला.

श्रमाचे वर्णन करताना आपण थकवा मोजतो, तास मोजतो, वेतन मोजतो. काम करताना माणसाची नजर कशावर रेंगाळते हे मोजण्याचे साधन आपल्याकडे नाही. मरणाच्या आदल्या आठवड्यात त्या सुनेची नजर जिन्यापाशी रेंगाळली. दुपारी ऊन जिन्याच्या खिडकीतून येई आणि लोखंडी जाळीतून आत शिरताना फरशीवर चौकटींची एक लांबलचक रांगोळी टाकी. ती रांगोळी हळूहळू सरकत पाकळ्यांच्या ढिगापर्यंत जाई. तिला तेच टिपायचे होते. साखळी आणि कुलूप त्या उन्हाच्या वाटेत होते, म्हणून चित्रात आले.

तो रोल तिने गुंडाळून बरणीत टाकला. सासूने तो भरला. ऑक्टोबरच्या नवव्या तारखेला संध्याकाळी त्यावर शेवटची एक चौकट उरली होती. सून यायची वेळ झाली आणि टळली. सासूने चहाचे आधण ठेवले, मग खाली उतरवले. मग दार उघडून ती खोलीच्या आतल्या टोकाला जाऊन उभी राहिली. बाहेर मावळतीचा उजेड होता, आत अंधार. उघड्या दाराच्या चौकटीत सून दिसली की खटकी दाबायची असे तिने मनाशी ठरवले होते. पण उजेड उतरू लागला. तेव्हा तिने रिकामे दारच टिपले.

थोड्या वेळाने त्या दारात शेजारीण आली.

कॅमेरा तसाच फळीवर राहिला. थंडी सरली तेव्हा मुलगा म्हणाला, ‘आई, त्यात तिचं काहीतरी असेल.’ तिने रोल धुतला. मोरीत पाण्याची धार चालू होती. ओली फिल्म उजेडाकडे धरली तेव्हा काळी दारे, काळी उन्हे, पांढरे अंधार तिच्या डोळ्यांसमोरून हळूहळू खाली सरकले. सुनेच्या वाटणीचे फोटो सगळेच होते. सुनेने स्वतःचाही एक फोटो काढला होता, हात धुण्याच्या जागेवरच्या आरशात. पण चेहऱ्यापुढे कॅमेरा धरलेला, आणि कॅमेऱ्यावर सासूने टिपलेला, देवाच्या छोट्या कोनाड्यातला दिवा. त्याच पट्टीत, त्याच्या पुढची आणि रोलची अखेरची चौकट होती लोखंडी दाराची.

प्रिंट झाल्यावर ती चौकट मुलाने खिडकीपाशी नेली. डाव्या बाजूला कामावर वाकलेल्या बायकांच्या सावल्या होत्या. फरशीवर उन्हाची रांगोळी होती. जाळी बंद होती. साखळी दोन्ही बाजूंनी मध्याकडे येत होती. आणि जिथे तिची दोन टोके एकत्र येत होती, नेमक्या त्या जागी घरचे उघडे दार होते: उभा, पांढरा, शांत उजेड. साखळी त्या उजेडात शिरत होती आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होती. मधले दिसत नव्हते. कारखान्याचे बंद दार पाहणाऱ्याला उघडे वाटत होते.

हा फोटो किती मोलाचा होता हे समजण्यासाठी चौकशीची स्थिती ठाऊक हवी. कारखान्याच्या मालकांचे म्हणणे होते की साखळी नुसती अडकवलेली असे, कामाच्या वेळी कुलूप कधीच घातले जात नसे. जळलेल्या सामानात कुलूप सापडले नव्हते. वाचलेल्या बायका आता त्याच मालकांच्या दुसऱ्या शेडमध्ये कामाला होत्या; त्यांनी ‘लक्ष गेलं नाही’ असे सांगितले. कुलूप सिद्ध झाले तर दोष मालकांचा आणि भरपाई चौदाही घरांना. सिद्ध झाले नाही तर तो अपघात.

मृतांच्या घरच्यांच्या बाजूने एक वकीलबाई काम पाहत होत्या. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

‘कामाच्या वेळचा आहे, बायका दिसतायत. हे फार मोठं आहे, आजी. पण हा मधला उजेड काय?’

‘आमचं दार.’

सगळे समजावून सांगितल्यावर वकीलबाईंनी फोटोच्या कडा निरखल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘या कॅमेऱ्यातून उजेड गळतो ना?’

‘गळतो.’

‘मग तेवढंच सांगा. जुना, फुटका कॅमेरा, उजेड गळतो. खोटं नाही ते.’

‘गळतो, पण इथे नाही गळला. गळलेला कडेला असतो, सायीसारखा. याला उंबरा आहे.’ तिने बोट ठेवले. ‘इथे पायपुसणंसुद्धा दिसतंय बघा.’

मुलगा घरी आल्यावर बोलला. इतके दिवस त्याने आवाज चढवला नव्हता.

‘निगेटिव्हमधे कुलूप आहे का? खरं सांग.’

‘भिंगातून बघितलं. जरासं जाणवतं. कडीचा बाक दिसतो, दाराच्या थराखाली. मिटलेला आहे.’

‘मग काढ ना ते दार! पातं आहे, पाटी आहे, हात आहे. जे आहे तेच दाखवायचंय. नसलेलं थोडंच घालायला सांगतोय?’

‘नुसतं खरवडून भागायचं नाही. खरवडल्यावर कडी पेन्सिलीनं उभी करावी लागेल.’

‘कर की मग!’

‘ती मग माझी कडी होईल.’

‘गावभरच्या लोकांचे व्रण पुसलेस तू. लग्नं जमवलीस त्यांची. आणि हिच्यासाठी एक दार पुसता येत नाही तुला?’

तिने भिंग फडक्याने पुसून ठेवले. तो ट्रक घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तिरकी पाटी खिडकीपाशी मांडली. आरसा उन्हाकडे वळवला, निगेटिव्हची पट्टी काचेवर ठेवली, आणि डोळ्याला भिंग लावले. खालून येणारा उजेड मऊ होता. भिंगात ती चौकट एखाद्या तळ्यासारखी खोल दिसत होती. वर तरंगत होते तिचे दार, दाट काळे. आणि त्याच्या बऱ्याच खाली, पाण्याच्या तळाशी पडलेल्या वस्तूसारखी, ती मिटलेली कडी. पाते तिच्या हातात होते. कुठून सुरुवात करायची ते हाताला ठाऊक होते: उजव्या कडेपासून, श्वास सोडताना, केसाएवढे. एका दुपारचे काम. कोणालाही कळले नसते.

ती बसून राहिली. ऊन आरशावरून सरकले तसा तिने आरसा वळवला; पुन्हा सरकले, पुन्हा वळवला. तो काळा थर म्हणजे त्या संध्याकाळचा उजेड होता. दारात कोणी आले असते तर त्या थरात एक पारदर्शक आकृती उरली असती, आणि त्या आकृतीतून कुलूप स्पष्ट दिसले असते. सून वेळेवर घरी आली असती, तर तिच्या सावलीने आपलाच पुरावा राखला असता. कोणी आले नाही, म्हणून थर सलग होता.

आणि दुसरी गोष्ट तिला आयुष्यभराच्या कामाने शिकवलेली होती. ज्या निगेटिव्हला एकदा पाते लागले, त्यातले कोणते उजेडाचे आणि कोणते हाताचे हे पुढे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, करणाराही नाही. आज दार खरवडले की उद्या साखळीही तिचीच ठरेल, बायकांच्या सावल्याही, उन्हाची रांगोळीही. सुनेने टिपलेले असे त्यात काहीच उरणार नाही. तिने पाते म्यानात घातले आणि पट्टी कागदात गुंडाळली.

चौकशीच्या दिवशी तिला खुर्ची दिली गेली. मालकांचे वकील सभ्य गृहस्थ होते. तिच्याशी ते आवाज न चढवता बोलले.

‘आपला व्यवसाय काय, आजी?’

‘टचिंग.’

‘म्हणजे नेमकं काय?’

‘फोटोतलं नको असेल ते काढायचं, हवं असेल ते घालायचं.’

मागे कोणीतरी हसले.

‘या निगेटिव्हमधून आपण काय काढलंत?’

‘काही नाही.’

‘काय घातलंत?’

वकीलबाई तिच्याकडे पाहत होत्या. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

‘हे दार,’ ती म्हणाली. ‘मधलं. ते आमच्या घरचं आहे. सुनेच्या फोटोवर मी फोटो काढला. आम्ही काढायचो तसे.’

‘म्हणजे हे चित्र दोन वेगवेगळ्या ठिकाणांचं आहे?’

‘दोन ठिकाणांचं आहे. दोघींचं आहे.’

‘या दारामागे कुलूप आहे, असं आपलं म्हणणं आहे?’

‘आहे. मला दिसतं.’

‘आम्हाला दिसत नाही.’

‘नाही. तुम्हाला दिसणार नाही,’ ती म्हणाली. ‘मी मधे आलेय.’

चौकशी अधिकाऱ्यांनी फोटो प्रकाशाकडे धरून पाहिला आणि ठेवून दिला. निष्कर्षात त्यांनी लिहिले की सादर केलेले चित्र मिश्र स्वरूपाचे असून साक्षीदाराने ते स्वतःच मान्य केले आहे. त्यामुळे दार कुलूपबंद होते हे त्यावरून सिद्ध होत नाही. साक्षीदाराच्या प्रामाणिकपणाविषयी मात्र शंका घेण्याचे कारण नाही, असे एक वाक्य त्यांनी जोडले. वकीलबाईंनी वरच्या न्यायालयात दाद मागितली आहे. ती मागणी पडून आहे.

मुलगा बरेच महिने आईशी कामापुरते बोलला. येई, जेवे, झोपे, जाई. एकदा जेवताना मान वर न करता त्याने विचारले, ‘तू दार उघडून उभी होतीस तेव्हा किती वाजले होते?’

‘ऊन पलंगाच्या पायापर्यंत होतं.’

‘तेव्हा ती...’

‘हो. तेव्हा झालं होतं सगळं.’

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

स्टुडिओच्या मालकांनी दिलेल्या खोक्यात शेवटचा एक रोल उरला होता. टचिंगबाईने तो भरला आणि या वेळी आधी स्वतः टिपला: फळी, बरणी, पाटीवरचा आरसा, पश्चिमेचे दार, उघडे आणि मिटलेले. रोल इतका जुना झाला होता की त्यावर काय उमटेल याची खात्री नव्हती. तिने तो मागे गुंडाळला, चकती सैल लागताच थांबली, आणि शेपटी बाहेर ठेवून बरणीत टाकला. का, हे तिला कोणी विचारले नाही. बरणी पुसताना तो उचलायचा आणि पुन्हा आत ठेवायचा, असे पुष्कळ दिवस चालले. एका सकाळी मुलगा ट्रक घेऊन गेल्यावर तिने पाहिले तर बरणी रिकामी होती आणि फळीवर कॅमेराही नव्हता.

तो रोल अजून परत आलेला नाही. त्याची तिला घाई नाही.

निगेटिव्हची ती पट्टी चौकशीच्या कागदपत्रांत जमा आहे. सुनेने आरशात काढलेला स्वतःचा फोटो त्याच पट्टीवर आहे. पट्टी परत मागितली आहे, मिळालेली नाही. चौदा घरांपैकी एकालाही भरपाई मिळालेली नाही.